डावा डोळा

तवनाप्पा मगदूम संकेश्वरच्या एसटीतून उतरले
ते खिशात काडेपेटी घेऊन.
शहापुरात माझ्या खोलीखाली अजून एक माग चालतो,
त्याच्या खटखटीनं टर्पेंटाइनची बाटली टेबलावर थरथरते.
तिच्याशेजारी त्यांनी काडेपेटी उघडली.
आत केस होते,
पाठीचे, छातीचे, शेपटीच्या टोकाचे,
दोऱ्यानं बांधलेले तीन झुबके.
"फोटोत रंग खोटा पडलाय," म्हणाले, "हे बघून काढा."

माझा ब्रश खारीच्या केसांचा आहे
हे मी त्यांना सांगितलं नाही.
एका जनावराच्या केसांनी दुसऱ्याचे केस काढायचे,
ही लाज रोज साबणानं धुते. उतरत नाही.

कुत्रं पश्मी, मुधोळकडचं, कानांवर रेशमाची झुलपं.
ते त्याला मुत्तू म्हणायचे,
बायको गडहिंग्लजची, ती म्हणायची मोती.
"बा" म्हटलं तरी यायचं, "ये" म्हटलं तरी.
माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे.
कुठलं अक्षर वर, कुठलं खाली, किती इंच,
यावरून एकदा त्यांच्या पायाखालची शिडी ओढली गेली.
मी पाट्या सोडल्या. तोंडं काढते,
केसाळ, न बोलणारी.

कच्चा अंबर, पिवळी माती, थोडा भाजका सिएना.
जवसाच्या तेलाचं झाकण उघडलं तशी त्यांनी मान वर केली.
"अगशी न्हवं हे? चटणीची?"
होय की ओ, तीच.
फक्त हे खायचं नाही.

हे माझ्या मांजरीला कुणी सांगावं!
गेल्या थंडीत कुंदी पॅलेटवरून चालत गेली,
चारी पंजे पांढरे करून चाटायला वाकली.
मी टर्पेंटाइनच्या बोळ्याकडं हात नेला आणि थबकले.
विषावर विष.
खोबरेल चोळलं, मग बाळाचा साबण, कोमट पाणी,
टॉवेलात गुंडाळून रिक्षानं डॉक्टर नेर्लीकरांकडं.
ओरबाडलेल्या हातानं पैसे मोजले.
तेव्हापासून ब्रश धुवायच्या डब्यावर ताटली असते,
तिचं पाणी दाराबाहेर, निळ्या वाटीत.

तर मुत्तू.
पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला,
"डावा डोळा जरा साफ करा, तरुण दाखवा त्याला."
म्हातारपणी त्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.
मी साफ केला. दोन्ही डोळे मधासारखे.
चांगलं दिसत होतं कुत्रं,
कुणाचंही वाटावं इतकं.

तवनाप्पा बराच वेळ बघत राहिले.
"बाई, ह्या डोळ्यात मी दोन वर्षं थेंब घातलेत.
सकाळी उसाला पाणी सोडायच्या आधी, रात्री भाकरीनंतर.
डाव्या हातात जबडा, उजव्या हातानं पापणी वर.
गुरगुरायचं, पण मान द्यायचं.
तो डोळाच काढून टाकलासा, तर मी कुठं गेलो?"

मी सुरीनं ओला डोळा खरवडला.
पांढरा घेतला, टाचणीच्या डोक्याएवढा निळा,
आणि हाडं जाळून करतात त्या काळ्याचं एक बोट.
थरावर थर मोती चढत गेला.
डोळ्याला दिसेनासं झालं
तेव्हा ते कुत्रं पहिल्यांदा मगदुमांकडं वळलं.

"नाव कुठल्या अक्षरात घालू?"
"घालू नका. त्याला कुठं वाचायला येत होतं!"

बेळगावच्या थंडीत तेलरंग वाळायला महिना जातो.
पुढच्या बाजारला येतो म्हणाले.
जाताना थेंबांची बाटली ठेवून गेले, अर्धी उरलेली,
तारीख कधीच उलटून गेलेली.
"तुमच्या मांजराला लागली तर."

लागणार नाही.
तेल आणि वॉर्निशच्या मधे ती उभी आहे.
कुंदी येते, झाकण हुंगते,
एक शिंक देते
आणि काडेपेटीवर जाऊन बसते.